उदाहरणादाखल

धाकटी नेमकं काय काम करते, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. थोरली बहीण बँकेत होती, म्हणजे बँकेत होती, विषय संपला. धाकटीचं तसं नव्हतं. "ती कॉम्प्युटरमध्ये काहीबाही लिहीत असते," असं आई शेजारणीला सांगायची, आणि शेजारीण "असं होय" म्हणून पुन्हा कपडे वाळत घालायला लागायची.

खरं तर काम समजायला सोपं होतं. भाषण देताना मागे पडद्यावर स्लाईड दाखवतात ना, त्याचं सॉफ्टवेअर धाकटीची कंपनी बनवायची. आता त्यात एक एआय एजंट आला होता. वक्त्याने नुसतं बोलायचं. एजंट ऐकणार, आणि आपणहून स्लाईड पुढे नेणार, मागे आणणार, चित्र मोठं करणार. या एकेका करामतीला ऑफिसात 'टूल' म्हणत. एजंटाने म्हणे अख्ख्या जगातलं वाचलेलं असतं. असेल बापडा! पण या घरातलं कुठलं बटण कशाचं, हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवं की नको? ते सांगणारी धाकटी. प्रत्येक टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी त्याला हात लावायचा नाही, आणि शेवटी एक उदाहरण, एवढं ती लिहून ठेवायची. नव्या भाडेकरूला घर दाखवावं तसंच होतं ते. हा नळ घट्ट आहे, हे बटण दिव्याचं वाटतं पण पंख्याचं आहे, गच्चीचं दार धरून लावा नाहीतर आपटतं.

तिचा वाचक एकच, आणि तोही माणूस नव्हे. पण असा वाचक भल्या भल्या लेखकांना मिळत नाही. अक्षर न् अक्षर वाचणारा आणि लिहिलंय तस्सं करणारा. धाकटीने त्याचं नाव 'शहाणा' ठेवलं होतं. उंटावरचा की जमिनीवरचा, ते दिवस बघून ठरायचं.

घरी आईला 'एजंट' म्हटलं की विमाच आठवायचा. "त्याला सांग, माझा विमा उतरवून झालाय," असं म्हणून ती विषय मिटवायची.

आता या आईबद्दल सांगायला हवं. तिने नर्सिंगच्या शाळेत उभं आयुष्य शिकवलं होतं. जखम कशी बांधायची, सुई कशी टोचायची, रडत आलेल्या नातेवाइकाला आधी खुर्ची द्यायची की आधी उत्तर, हे तिने मुलींच्या पिढ्यान् पिढ्यांना घोटून घोटून शिकवलं. निवृत्त झाल्यावरही शाळा नव्या वर्गाचा पहिला धडा द्यायला तिलाच बोलवायची. मग हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, आणि त्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायला लागली ते आणखी वेगळंच. मागच्या खेपेला स्लाईड बदलायचा रिमोट तिच्या हातात होता. बोट थरथरलं, बटण चारचारदा दाबलं गेलं, आणि हात धुण्यापासून टाके काढण्यापर्यंतचा सगळा अभ्यासक्रम पडद्यावरून धडाधड पळून गेला. मागे आणायला गेली तर पुन्हा तेच. वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. नव्या मुली, हसायचंच वय त्यांचं. पण आई घरी आली, रिमोट खणात पट्ट्यांच्या डब्याखाली टाकला आणि म्हणाली, "झालं शिकवून."

तेव्हापासून तिचं बोलणंच कमी झालं. खिडकीत बसायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. जी बाई दवाखान्यात दुसऱ्याच्या खाटेवरची चादर सरळ केल्याशिवाय पुढे जायची नाही, ती आता खिडकीच्या वाकड्या पडद्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, त्याला सेल आणा असंही म्हणाली नाही. धाकटीला ते बघवत नव्हतं. आई एकदा तरी पुन्हा वर्गासमोर उभी राहिली पाहिजे, एवढंच तिने मनात धरलं होतं. शहाण्याला शिकवण्यात तिचा जो काही जीव अडकला होता तो त्यासाठीच. बाकी कंपनीचा धंदा गेला खड्ड्यात!

आता उदाहरणांची भानगड.

टूलखाली उदाहरण लिहायचं तर बाकीचे लोक 'येथे मजकूर' असलं काहीतरी अळणी लिहीत. धाकटीला ते लिहिताना जांभया यायच्या. म्हणून ती घरातलंच काहीतरी ठोकून द्यायची. स्लाईडला शीर्षक घालायच्या टूलखाली तिने लिहिलं होतं, 'आज भांडी कोण घासणार?' चित्र मोठं करायच्या टूलखाली, 'शेजारणीच्या मांजराचा फोटो.' आणि एक टूल होतं खासगी निरोपाचं. वक्त्याच्या समोर टेबलावर छोटा पडदा असतो, तो लोकांना दिसत नाही, त्यावर एजंट चार शब्द दाखवू शकतो. हे टूल लिहायला घेतलं त्या दुपारी धाकटीने नेहमीप्रमाणे घरी फोन केला होता. आईचा आवाज कोरडाठक्क. जगाला पाणी पाजणारी ही बाई, स्वतः दिवसभरात घोटभर पाणी प्यायची नाही. धाकटीने फोन ठेवला आणि त्याच तिरीमिरीत उदाहरण लिहून टाकलं, 'आई, पाणी पी.' मग ते विसरूनही गेली.

काही दिवसांनी एक गादीवाले शेठ सॉफ्टवेअर बघायला आले. भारदस्त माणूस, मिशा अशा की त्यांच्याशी बोलताना माणूस मिशांशीच बोलायचा. साहेबांनी स्वतः मोठ्या पडद्यावर दाखवायला घेतलं. शेठजींच्या फायलीत एक स्लाईड कोरी होती. साहेबांनी शहाण्याला फर्मावलं, हिला शीर्षक घाल. काय घालायचं ते मात्र सांगायचं राहिलं. शहाणा बिचारा काय करणार? त्याने टूलची माहिती वाचली, खाली उदाहरण सापडलं, दिलं ठोकून. भिंतभर पडद्यावर, ठळक अक्षरांत, गाद्यांच्या चित्रावर, 'आज भांडी कोण घासणार?'

शेठजींनी मिशांवरून हात फिरवला. "मीच घासतो हो," ते म्हणाले, "पण तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि मग जे हसत सुटले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

शेठजी हसले म्हणून निभावलं. साहेब मात्र हसले नाहीत. शेठजी लिफ्टमध्ये शिरले न शिरले तोच ते धाकटीच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, घरचं घरी ठेवा. एकूण एक उदाहरण बदला. आजच्या आज."

शेजारच्या टेबलावरचा बुवा हे सगळं ऐकत होता. टूल बनवायचा तो, लिहायची ती. त्याची दाढी वाढलेली, आणि दिवसाकाठी तो दोनच वाक्यं बोलायचा, म्हणून सगळे त्याला बुवा म्हणत. त्यातलं एक वाक्य त्याने तेव्हा खर्च केलं. "त्याला काही सुचलं नाही की तो उदाहरण उचलतो. आपणही परीक्षेत हेच करायचो, ताई."

धाकटीने कानाला खडा लावला आणि एकेक उदाहरण धुऊन काढलं. भांडी गेली, मांजर गेलं. सगळीकडे अळणी. निदान तिला तरी तसं वाटलं. खासगी निरोपाचं टूल बुवाने मागाहून जोडलेलं, त्याची माहिती वेगळ्याच पानावर होती, आणि त्या पानाकडे तिचं लक्षच गेलं नाही.

त्याच आठवड्यात नर्सिंगच्या शाळेचा फोन आला. नवा वर्ग भरलाय, पहिला धडा बाईंनीच द्यावा. आई म्हणाली, "नाही जमायचं." धाकटीने तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, "येतील." फोन ठेवल्यावर जे काही बोलणं खावं लागलं ते तिने मुकाट्याने खाल्लं.

"माझ्या वतीने हो म्हणायला मी काय अंथरुणाला खिळलेय?"

"आई, रिमोट नाहीच आहे यात. तू नुसतं बोलायचंस."

"आणि बटण कोण दाबणार? तुझा विमावाला?"

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत रंगीत तालीम झाली. आई सोफ्यासमोर उभी, समोर लॅपटॉप, टीव्हीवर स्लाईड, आणि वर्ग म्हणून धाकटी एकटी. आईने सुरुवात केली. "खाटेजवळ गेल्यावर पहिलं काय करायचं? नाव विचारायचं. पट्टी बांधायची वेळ अजून लांब आहे." पट्टी म्हणायचा अवकाश, शहाण्याने टुणकन उडी मारून शेवटची पट्टीची स्लाईड काढली.

"हे काय? मी नुसतं नाव काढलं तर हा धावत सुटला?"

पुन्हा सुरुवात. या खेपेला आई वाक्य संपवून क्षणभर गप्प राहिली. शहाण्याला वाटलं झालं हिचं, त्याने पुढची स्लाईड आणली. आईने कपाळाला हात लावला. "अगं, मी मुद्दाम थांबते. मुलींच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो की नाही? याला दम म्हणून नाहीच!" असं दोनदा झालं, तीनदा झालं, आणि आई सोफ्यावर बसली. "पुन्हा माझं हसं करायचं असेल तर तसं सांग. मी येत नाही."

तिचे हात मांडीवर थरथरत होते, आणि ते दिसू नयेत म्हणून तिने त्यांच्यावर पदर घेतला. चूक शहाण्याची नव्हती, धाकटीची होती. टूल काय करतं ते तिने झकास लिहिलं होतं. केव्हा गप्प बसायचं ते नीट लिहिलंच नव्हतं. ती तिथेच जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसली आणि लिहू लागली. बोलण्याच्या ओघात विषयाचं नाव आलं म्हणून त्या स्लाईडवर जाऊ नये. वक्ता गप्प झाला म्हणून स्लाईड बदलू नये, तो मुद्दाम थांबला असेल. मग जरा विचार करून तिने आणखी एक ओळ घातली. शांतता फारच लांबली, तर स्लाईडला हात न लावता वक्त्याला खासगी निरोप द्यावा. निरोपात काय लिहायचं ते लिहायला गेली, तेवढ्यात आईने विचारलं, "झालं का तुझं?" आणि ते राहिलं ते राहिलंच.

पुढच्या तालमीला शहाणा माणसात आला. आई थांबली तर तोही थांबला. ती मागच्या मुद्द्याकडे वळली तर तोही मुकाट मागे आला. आईने एकदा मुद्दाम त्याला चकवायला म्हणून पट्टी, सुई, टाके अशी सगळी नावं एका दमात घेतली. तो जागचा हलला नाही.

"हं," आई म्हणाली. तिच्या तोंडचं 'हं' म्हणजे पहिल्या वर्गात पास. "येते मी. पण एक सांगून ठेवते. तू शेवटच्या बाकावर बसायचंस, आणि दोन्ही हात बाकावर, मला दिसतील असे ठेवायचे. मागून गुपचूप मला चालवायचं नाही. मी पडले तर पडले, पण मी शिकवणार."

"दिसतील असे ठेवीन," धाकटी म्हणाली.

वर्ग सकाळचा होता. लांबट खोली, भिंतीला टेकवून ठेवलेला प्लॅस्टरचा मानवी सांगाडा, घडी न मोडलेल्या पांढऱ्या गणवेशातल्या मुली आणि मधे मधे अवघडून बसलेले काही मुलगे. टेबलावर छोटा पडदा आणि पाण्याचा ग्लास, काठोकाठ भरलेला. धाकटी शेवटच्या बाकावर बसली आणि गुन्हेगारासारखे दोन्ही हात पुढे मांडून ठेवले. शेजारच्या मुलीने तिच्याकडे दोनदा बघितलं.

आई बोलायला लागली. पहिली काही वाक्यं दबकत आली, मागे पडद्याकडे नजर टाकत. मग तिच्या लक्षात आलं की स्लाईड जिथल्या तिथे आहेत, आणि ती पडद्याला विसरली. काय सांगू! धाकटीने आपली आई किती दिवसांनी ऐकली. रुग्णाला घाबरवणारा डॉक्टर, तोंड चुकवणारा मुलगा, औषध उशीखाली लपवणारे आजोबा, सगळ्यांची सोंगं काढून झाली. वर्ग हसत होता, आणि या खेपेला तिने हसवलं म्हणून हसत होता. कंप होताच. पण बोलणाऱ्या माणसाचे हात कोण बघतंय?

आणि मधेच आवाज बसला. वाक्य अर्धं राहिलं. जीभ टाळूला चिकटली, ओठ हलले पण शब्द येईना. आईने टेबलाची कड धरली. हात असे थरथरू लागले की टेबलावरचा ग्लास किणकिण वाजायला लागला. वर्ग गप्प झाला. आधी ती शांतता आदराची होती, मग हळूहळू वेगळी होत गेली. पुढच्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

उठावं, धावत जावं, ग्लास तिच्या तोंडाला लावावा, असं धाकटीला सारखं वाटत होतं. पण शब्द दिला होता. तिने बाकाची फळी अशी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. आता आई 'झालं शिकवून' म्हणणार, आणि या वेळी ते कायमचं असणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात आईने टेबलावरच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. मग एकदम मान वर केली आणि थेट शेवटच्या बाकाकडे नजर लावली. ती घरातली नजर धाकटी लहानपणापासून ओळखत होती. चोरी पकडल्यावरची. पण धाकटीचे दोन्ही हात बाकावर होते, सगळ्यांना दिसतील असे. आईची नजर त्या हातांवर आली, तिथे अडखळली, पुन्हा पडद्याकडे गेली.

मग तिने दोन्ही हातांनी ग्लास उचलला. भरलेला ग्लास, थरथरते हात. टेबलावर सांडलं, साडीवर सांडलं, उरलं ते ती प्यायली. सावकाश, पुरेपूर. ग्लास खाली ठेवून तिने वर्गाकडे पाहिलं.

"बघितलंत?" ती म्हणाली. आवाज परत आला होता. "हात थरथरतात माझे. तुमच्या पेशंटचेही थरथरतील. त्याला ग्लास देताना अर्धा द्यायचा. भरलेला दिलात की तो सांडतो, मग त्याला लाज वाटते, आणि मग तो पाणीच मागत नाही. कळलं?"

वर्गातल्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या. सगळे लिहून घेत होते. मागचा पडदा तसाच होता, शहाण्याने स्लाईड हलवली नव्हती.

घरी जाताना टॅक्सीत आई साडीचा ओला काठ पिळत होती. मग म्हणाली, "पायाने पाठवलंस?"

"काय?"

"सोंग नको करूस. त्या पडद्यावर. 'आई, पाणी पी.'"

धाकटीला ती दुपार आठवली, तो फोन, ते वेगळं पान, आणि ती टॅक्सीत एकटीच हसायला लागली. हसता हसता सगळं सांगून टाकलं. भांडी, शेठजी, साहेब, धुऊन काढलेली उदाहरणं, आणि राहून गेलेलं एक.

"म्हणजे तू पाठवलंच नाहीस," आई म्हणाली.

"नाही. चूक झाली माझ्याकडून. ते केव्हाचं लिहून ठेवलं होतं."

"लिहिलं कुणी होतं?"

"मीच."

"मग तूच पाठवलंस की!" आईने तिच्या हातावर आपला हात ठेवला. तो थरथरत होता, आणि या वेळी तिने तो लपवला नाही.

घरी आल्यावर आईने खण उघडून पट्ट्यांच्या डब्याखालचा रिमोट काढला, त्यातले सेल काढले आणि धाकटीला स्टुलावर चढवून भिंतीवरच्या घड्याळात घालायला लावले. "पडून वाया गेले असते," ती म्हणाली.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या बुवाने तिला खुणेने बोलावलं. गादीवाल्या शेठजींनी साहेबांना फोन केला होता. आपल्या माणसांसमोर बोलताना मधे अडकलो, तर तुमच्या पडद्याने पाणी प्यायला सांगितलं, सोय फार छान आहे. फक्त तो मला 'आई' का म्हणतो? बुवा हे सांगताना दाढीतल्या दाढीत हसत होता. साहेब मात्र पेचात पडले, कारण गिऱ्हाईक खूश होतं. शेवटी त्यांनी निकाल दिला. "सोय राहू दे. आई काढा."

धाकटीने आई काढली. 'कृपया पाणी प्या' असं लिहिलं, साहेब प्रसन्न झाले, आणि ते सगळीकडे लागू झालं.

पुढच्या महिन्यात शाळेने आईला पुन्हा बोलावलं. या खेपेला ती फोनवर स्वतःच हो म्हणाली, आणि गेलीही एकटी. धाकटी संध्याकाळी घरी आली तेव्हा बाहेरच्या खोलीतला खिडकीचा पडदा सरळ केलेला होता, आणि आई खुर्चीत बसून वाटच बघत होती.

"कसा झाला वर्ग?"

"वर्ग झाला चांगला. पण तुझ्या शहाण्याला काय झालंय?"

"का? स्लाईड चुकवली?"

"स्लाईड बरोबर होत्या. मधे मी जरा अडखळले, तर मला म्हणतो, कृपया पाणी प्या. मी नाही प्यायले."

"अगं, का?"

"कोण कुठला माणूस सांगतोय मला!" आई म्हणाली. "पहिल्यासारखं कर ते."

धाकटीने चप्पलही काढली नव्हती. ती तशीच लॅपटॉप उघडून जमिनीवर बसली. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी पुन्हा 'घरचं घरी' म्हणून सुनावलं असतं. म्हणून तिने ते घरच्या घरीच केलं, फक्त आईच्या फायलीपुरतं. खाली लिहिलं, 'आई, पाणी पी.' आईने मागून वाकून ते वाचलं, बरोबर आहे म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन दोघींसाठी दोन ग्लास घेऊन आली. अर्धे अर्धे भरलेले.